जागा

या शहराचं नाव हल.
मराठीत ती आज्ञा वाटते,
पण नऊ वर्षांत मी इथून हललेलो नाही,
आणि आत्ता, पहाटे तीन वाजून दहाला,
हॉस्पिटलच्या डेटाबेसची डिस्कही
सत्त्याण्णव टक्क्यांवरून मागे हलत नाही.

जागा संपली म्हणून मी जागा.
हा विनोद सांगायला इथे कुणी नाही.
ओट्यावर लॅपटॉप, शेजारी कालचं वरण,
फोनवर तातडीच्या विभागातली डेनिस अ‍ॅक्रॉइड:
स्क्रीन गोठलीय रे,
माझ्यासमोर एक म्हातारा बसलाय,
त्याला पेनिसिलिन चालतं का सांग.
मी म्हणतो, दहा मिनिटं दे.
ती म्हणते, मग त्यालाच विचारते.
विचारते.
चालत नाही म्हणतो.

आजाऱ्यांच्या नोंदी तशा कितीशा?
जागा खातो तो ऑडिट लॉग,
कुणी कुणाचं पान उघडलं, किती वाजता,
कुठल्या मजल्यावरच्या यंत्रावरून.
आजारापेक्षा आजार पाहणाऱ्यांची वही जाड.
चित्रगुप्त हिशेब कसा ठेवतो हे सगळे सांगतात,
भरलेल्या वह्या कुठे ठेवतो
ते कुणी विचारलेलं नाही.

मी वही उलगडतो.
शंभरातल्या ब्याऐंशी ओळी एकाच खात्याच्या:
देखरेखीचा एक प्रोग्रॅम
दर पाच सेकंदांनी दार वाजवतो,
आहेस का?
डेटाबेस म्हणतो, आहे.
एवढंच संभाषण,
आम्ही आठ वर्षं जिवापाड जपलेलं.
(आई दर रविवारी फोनवर हेच विचारते.
मी हेच उत्तर देतो.
त्याची नोंद कुठेच नाही.)

बोहारीण असती
तर ही सगळी चळत तिच्यापुढे टाकून
एखादं पातेलं तरी घेतलं असतं.
इथे फॉर्म आहे. फॉर्मवर कारण, खाली दोन सह्या.
दुसरी सही सकाळी नऊला उठते.
तोवर पुसायचं काही नाही,
फक्त हलवायचं:
सर्वांत जुने महिने आवळून, गाठोडं बांधून
दुसऱ्या डिस्कवर.

पहिल्याच गाठोड्यात मी सापडतो.

मार्च महिना, मंगळवार, दुपार.
माझं नाव, आणि पुढे मिसेस ब्लेंकिन,
जिच्या माडीवर मी इथला पहिला हिवाळा काढला,
जिनं बॉयलरला कुठे थोपटायचं ते दाखवलं.
अँब्युलन्स आली त्या दिवशी
मला कुणी काही सांगेना. मी तिचा कोण?
म्हणून उघडलं होतं पान.
अकरा सेकंद.
वॉर्ड नऊ, आणि त्यापुढे एक शब्द.
भेटायला गेलो नाही.
गेलो असतो तर कुणीतरी विचारलं असतं,
तुला कसं कळलं?

ओळ काहीशे बाइटांची.
पुसली तर डिस्कला ढेकरसुद्धा यायचा नाही.
बोट बराच वेळ तिथंच.
फ्रिज घरघरतो, थांबतो.
खिडकीबाहेर हंबरवर धुकं,
पुलाचे वरचे दोन दिवे तेवढे दिसतात,
खाली पूल असणार असं धरून चालायचं.

मार्च मी तसाच बांधतो, तिच्यासकट, माझ्यासकट.
आणि वहीच्या ताज्या टोकाला
एक नवी ओळ उमटलेली असते.
कुणी पाहिलं: मी.
काय पाहिलं:
मी काय पाहिलं होतं ते.

चव्वेचाळीस मिनिटांनी डिस्क एकसष्टवर.
डेनिसची स्क्रीन हलते.
बरोबर होतं त्याचं, ती म्हणते,
पेनिसिलिन नाहीच चालत.
मग थोडं थांबून,
तू झोप आता.
वरण गार झालंय,
तसंच खातो, उभ्यानं.